किडनीत लिम्फोमाची शंका: सीटी, सोनोग्राफी, एमआरआय की पेट-सीटी?

सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांमध्ये गाठी दिसल्या, किंवा लिम्फोमाचं (लिम्फ ग्रंथींतल्या पेशींच्या कॅन्सरचं) निदान आधीच झालंय आणि रिपोर्टच्या शेवटी किडनीबद्दल एखादी ओळ आलीय, की घरात प्रत्येकाचं वेगळंच सुरू होतं. एक म्हणतो एमआरआय करा, त्यात सगळं दिसतं, दुसरा म्हणतो पेट-सीटीच करून टाका म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल, आणि तिसऱ्याने कुठूनतरी ऐकलेलं असतं की कॉन्ट्रास्टचं (स्कॅनमध्ये अवयव आणि रक्तवाहिन्या उजळवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन दिलं की किडनी जाते. मी रेडिओलॉजीत आहे, दिवसभर हेच स्कॅन वाचायचं काम, तर म्हटलं एकदा सगळं शेजारी शेजारी ठेवून लिहून काढू.

माझं मत आधीच सांगते. किडनी नीट बघायची असेल तर कॉन्ट्रास्ट दिलेला सीटी हाच पाया, आणि लिम्फोमा अंगभर कुठे कुठे पसरलाय नि औषधाला दाद देतोय का हे बघायला पेट-सीटी. एमआरआय आणि सोनोग्राफी आपापल्या जागी कामाच्या आहेत पण पहिली पसंती म्हणून क्वचितच. आणि लोक मशीनवरून जेवढा वाद घालतात तेवढा घालायची गरज नाही, कारण नीट टायमिंगने काढलेला सीटी आणि घाईत उरकलेला सीटी या दोघांतला फरक हा सीटी आणि एमआरआयमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. रिपोर्ट घेऊन सेकंड ओपिनियनला आलेल्यांच्या फिल्म बघताना हे सारखं जाणवतं.

आधी थोडं किडनी आणि लिम्फोमाचं नातं, कारण त्याशिवाय तुलना कळणार नाही. किडनीत स्वतःच्या अशा लिम्फ ग्रंथी नसतात, त्यामुळे फक्त किडनीतच सुरू झालेला लिम्फोमा फार दुर्मिळ. बहुतेक वेळा तो दुसरीकडून येतो, एक तर रक्तातून, नाहीतर पोटाच्या मागच्या बाजूला महाधमनीजवळ ज्या लिम्फ ग्रंथी (नोड) असतात तिथून सरळ शेजारी सरकत. लिम्फोमाच्या नॉन-हॉजकिन प्रकारात जास्त, त्यातही डिफ्यूज लार्ज बी-सेल आणि बर्किट, हॉजकिनमध्ये कमी. गंमत बघा, लिम्फोमाने गेलेल्या पेशंटच्या शवविच्छेदनात जवळपास एक तृतीयांश ते निम्म्याहून जास्त जणांच्या किडनीत लिम्फोमा सापडलाय, आणि जिवंतपणी सीटीवर दिसतो तो जेमतेम ३ ते ८ टक्के पेशंटमध्ये. मधली एवढी मोठी तफावत कशामुळे, तर एक म्हणजे शवविच्छेदन आजाराच्या शेवटच्या टप्प्यातलं असतं, आणि दुसरं म्हणजे या पेशी किडनीच्या नळ्यांच्या मधल्या जागेत शिरतात, पाणी मातीत मुरतं तसं, आधी काही मोडतोड न करता, आणि जोवर त्यांची गाठ होत नाही किंवा किडनीचा आकार वाढत नाही तोवर कुठल्याच कॅमेऱ्याला काही दिसत नाही. म्हणून सीटी नॉर्मल म्हणजे किडनी शंभर टक्के साफ असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही.

बरं, दिसो न दिसो, केमो तर तीच ना, मग एवढा शोध कशाला, असं एक जण हमखास विचारतो. डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये किडनी किंवा तिच्या डोक्यावरच्या ग्रंथीत, म्हणजे अ‍ॅड्रिनलमध्ये आजार असणं ही मेंदूत आजार जाण्याच्या धोक्याची एक खूण मानतात. २०१६ मध्ये यासाठी सीएनएस-आयपीआय नावाचा स्कोअर आला, त्यात ६ गोष्टी मोजतात: वय ६० च्या वर, रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम वाढलेलं, पेशंटची हिंडण्या-फिरण्याची ताकद कमी झालेली, स्टेज ३ किंवा ४, लिम्फ नोड सोडून एकापेक्षा जास्त ठिकाणी आजार, आणि सहावी किडनी किंवा अ‍ॅड्रिनल. यातल्या शून्य-एक गोष्टी असतील तर २ वर्षांत मेंदू किंवा मज्जारज्जूत आजार जाण्याचं प्रमाण ०.६ टक्के, दोन-तीन असेल तर ३.४, आणि चार ते सहा असेल तर १०.२ टक्के. म्हणजे सीटीच्या रिपोर्टमधली किडनीबद्दलची ती एक ओळ पेशंटला एका गटातून दुसऱ्या गटात ढकलू शकते, आणि मग डॉक्टर मेंदूचा एमआरआय किंवा पाठीतलं पाणी तपासायचा विचार करतात. शिवाय स्टेजचाही प्रश्न असतो. शेजारच्या नोडमधून आजार सरळ किडनीत घुसला असेल तर त्याची गणना वेगळी, आणि किडनीत लांबून सुट्या गाठी आल्या असतील तर ती स्टेज ४.

सीटीत काय दिसतं

सीटीत किडनीतल्या लिम्फोमाची चार-पाच रूपं दिसतात. सगळ्यात नेहमीचं म्हणजे दोन्ही किडन्यांत बऱ्याच गाठी, साधारण १ ते ३ सेंटीमीटरच्या, गोलसर, आतून एकसारख्या, आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर आजूबाजूची किडनी उजळते पण या गाठी मात्र मागे राहतात, काळपट राखाडी. निम्म्या किंवा त्याहून जास्त केसेसमध्ये हेच चित्र. दुसरं रूप, साधारण पाव केसेसमध्ये, मागच्या नोडचा मोठा गठ्ठा किडनीच्या मुखातून आत शिरलेला. कधी एकच गाठ असते, आणि तिथेच सगळा घोळ होतो कारण ती किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरसारखी दिसते. कधी गाठ नसतेच, अख्खी किडनी सुजल्यासारखी मोठी, आकार मात्र किडनीचाच राहिलेला. आणि क्वचित कधी किडनीच्या भोवतीने लिम्फोमाचं वेष्टण, आत किडनी जवळपास धडधाकट.

यात मी स्वतः सगळ्यात आधी बघते ती रक्तवाहिनी. मोठा गठ्ठा किडनीच्या शिरेला, धमनीला चारी बाजूंनी वेढून बसलाय आणि तरी आतून रक्त आरामात वाहतंय, आत गुठळी नाही, असं दिसलं की लिम्फोमाची शंका बळावते. किडनीचा नेहमीचा कॅन्सर उलटा वागतो, तो शिरेच्या आत शिरतो, कधी कधी तिथून वर मोठ्या शिरेपर्यंत जातो. तसंच एवढा मोठा गोळा असूनही लघवीचा मार्ग फारसा तुंबलेला नसतो. उपचाराआधी चुनखडीसारखे ठिपके किंवा आतून कुजलेला भाग लिम्फोमात सहसा नसतो. ही सगळी माहिती एकाच स्कॅनमध्ये, श्वास रोखून धरण्याच्या काही सेकंदांत मिळते, आणि सीटीला पहिला नंबर द्यायचं हेच खरं कारण.

आता टायमिंगचं. कॉन्ट्रास्ट हातातून गेल्यावर साधारण २५ ते ७० सेकंदांत किडनीची फक्त बाहेरची साल चमकते, आतला भाग काळपटच राहतो. लिम्फोमाची गाठही काळपट, त्यामुळे त्या वेळेला स्कॅन काढला तर आतल्या भागातली गाठ काळ्यात काळी मिसळून जाते, दिसतच नाही. दीड मिनिटाच्या आसपास साल आणि आतला भाग दोन्ही सारखे उजळतात आणि तेव्हा गाठी ठळक उठून दिसतात. लघवीत कॉन्ट्रास्ट उतरायला ३ मिनिटं किंवा जास्त लागतात, तो फेज (म्हणजे त्या वेळेला काढलेली चित्रं) किडनीच्या मध्यभागी, लघवी जमा होते तिथे काही अडकलंय का हे बघायला. लिम्फोमाच्या स्टेजिंगसाठी पोटाचा जो नेहमीचा एकच फेज काढतात तो साधारण ७० सेकंदांचा असतो, लिव्हर आणि नोडसाठी उत्तम, पण किडनीसाठी जरा लवकर. म्हणजे किडनीचीच शंका असेल तर ती फॉर्मवर लिहिलेली असायला हवी, नाहीतर टेक्निशियन नेहमीचा प्रोटोकॉल लावून मोकळा होतो आणि त्यात त्याची काही चूकही नाही.

आणि कॉन्ट्रास्टच्या आधीचा साधा फेज. हा बरेचदा रेडिएशन वाचवायला गाळतात, आणि कधी कधी नेमका तोच नडतो. समजा कॉन्ट्रास्टनंतर एका गाठीची घनता ६० हाउन्सफिल्ड युनिट (सीटीतलं घनतेचं माप) मोजली. आता ही गाठ आधी पण ६० होती का, म्हणजे आत जुनं रक्त किंवा घट्ट पाणी असलेली निरुपद्रवी सिस्ट (पिशवी), की आधी ३५ होती आणि कॉन्ट्रास्टने ६० झाली, म्हणजे रक्तपुरवठा असलेली खरीखुरी गाठ? २० युनिटच्या वर वाढ झाली तर ती गाठ रक्त घेतेय असं धरतात, १० ते २० मध्ये अधांतरी. लिम्फोमा मुळातच थोडंसंच कॉन्ट्रास्ट घेतो, त्यामुळे आधीचा आकडा नसेल तर आम्ही पण अंदाजच बांधतो, आणि रिपोर्टमध्ये 'बहुधा सिस्ट, पुन्हा तपासावं' असलं गुळमुळीत वाक्य येतं. तर पहिल्यांदाच किडनीचा शोध घेताना साधा फेज आणि दीड मिनिटाचा फेज दोन्ही असावेत. नंतरच्या फॉलोअपला एकच पुरतो.

सोनोग्राफी विरुद्ध सीटी

सोनोग्राफीला रेडिएशन नाही, इंजेक्शन नाही, पेशंटच्या पलंगापाशी मशीन नेता येतं. किडनी मोठी झालीय का, लघवी तुंबलीय का, हे दोन प्रश्न असतील तर सोनोग्राफी पुरते आणि क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते सांगणारा रक्तातला आकडा) अचानक वाढलं असेल तर आधी तीच करावी. पण लिम्फोमाची गाठ सोनोग्राफीत इतकी काळी आणि एकसारखी दिसते की पाण्याची सिस्टच वाटावी. फरक एवढाच की खऱ्या सिस्टच्या मागे उजळ पट्टा येतो, हिच्या मागे तो येत नाही, आणि डॉपलर लावलं तर आत थोडे रक्तप्रवाहाचे ठिपके दिसतात. करणारा अनुभवी असेल तर पकडतो, गडबडीत असेल तर दोन्ही किडन्यांत सिस्ट असं लिहून पुढे जातो. अख्खी किडनी झिरपून सुजलेली असेल तर बऱ्याचदा फक्त आकार वाढलाय एवढंच कळतं. मागचे नोड गॅसमुळे झाकले जातात ते वेगळंच. म्हणून लिम्फोमाच्या पेशंटच्या सोनोग्राफीत नवीन सिस्ट आल्या असतील, त्यातही बऱ्याच, दोन्हीकडे, तर सीटीने खात्री करून घ्या. बायोप्सीची (तपासायला तुकडा घेण्याची) सुई नेमकी जागेवर न्यायला मात्र सोनोग्राफीसारखी सोय नाही, सुई जाताना डोळ्यासमोर दिसते.

एमआरआय विरुद्ध सीटी

एमआरआयबद्दल लोकांना उगाच वाटतं की हे सगळ्यात वरचं. वरचं-खालचं काही नसतं हो, प्रश्न वेगळे असतात. एमआरआयमध्ये लिम्फोमाची गाठ टी-टू चित्रात किडनीपेक्षा काळपट किंवा तिच्यासारखीच, आणि डिफ्यूजन चित्रात मात्र लख्ख पांढरी, कारण पेशी इतक्या दाटीवाटीने बसलेल्या की पाण्याच्या रेणूंना हलायला जागा नाही. हे डिफ्यूजन कॉन्ट्रास्टशिवाय होतं, आणि एमआरआयचं खरं मोल माझ्या मते इथे आहे: क्रिएटिनिन खूप वाढलंय, आयोडीनच्या कॉन्ट्रास्टची जबर अ‍ॅलर्जी आहे, पेशंट गरोदर आहे किंवा लहान मूल आहे आणि त्याचे पुढे बरेच स्कॅन होणार आहेत, अशा वेळी एमआरआय सीटीच्या पुढे जातो.

पण त्याची दुसरी बाजू. अर्धा-पाऊण तास त्या नळकांड्यात निजायचं, मधे मधे श्वास रोखायचा, आजारी माणूस हलला की चित्र फिस्कटलं. जुना पेसमेकर वगैरे असेल तर परवानगीचाच प्रश्न. आणि निदानाच्या बाबतीत तो सीटीहून फार पुढे नेत नाही. किडनीच्या कॅन्सरचा पॅपिलरी नावाचा एक प्रकार आहे, तोही टी-टूमध्ये काळपट, तोही कॉन्ट्रास्ट कमी घेणारा, तोही आतून एकसारखा, म्हणजे सीटीत जी पंचाईत तीच एमआरआयमध्ये. एमआरआय केला की बायोप्सी टळेल या आशेने कुणी करत असेल तर ती आशा धरू नये.

पेट-सीटी विरुद्ध सीटी

इथे जरा सविस्तर, कारण खरी निवड या दोघांतच असते.

पेटमध्ये किरणोत्सारी साखर देतात, आजाराच्या पेशी ती भराभर खातात आणि चमकतात. डिफ्यूज लार्ज बी-सेल, बर्किट, हॉजकिन हे सगळे खादाड, त्यामुळे अंगभर कुठे आजार आहे हे एका दमात कळतं, साध्या सीटीत नॉर्मल आकाराचे वाटणारे नोडसुद्धा उघडे पडतात. २०१४ च्या लुगानो वर्गीकरणाने अशा साखर खाणाऱ्या लिम्फोमांसाठी स्टेजिंग आणि उपचाराचा प्रतिसाद दोन्हीला पेट-सीटी हीच पद्धत ठरवली. स्मॉल लिम्फोसायटिक, मार्जिनल झोनसारखे काही सुस्त प्रकार साखर नीट घेत नाहीत किंवा कधी घेतात कधी नाही, तिथे कॉन्ट्रास्ट सीटीच मुख्य. म्हणजे लिम्फोमाचा प्रकार कळल्याशिवाय पेट-सीटी हवाच असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

किडनीच्या बाबतीत पेटची एक अडचण आहे. ती साखर लघवीतून बाहेर पडते, त्यामुळे नॉर्मल किडनीसुद्धा पेटमध्ये चमकतेच, लघवी जमा होते तो भाग तर भगभगीत. सालीतली छोटी गाठ त्या उजेडात हरवू शकते, किंवा उलट, लघवीचा एखादा थेंब गाठ वाटू शकतो. भरपूर पाणी पाजणं, लघवीचं औषध देणं, थोड्या वेळाने पुन्हा चित्र काढणं हे उपाय आहेत आणि काम करतात, पण तरी किडनीतली बारीक गोष्ट बघायला कॉन्ट्रास्ट सीटी सरस. मोठी गाठ असेल, किंवा दोन्ही किडन्या सगळीकडून सारख्या जास्त चमकत असतील, तर मात्र पेट छान दाखवतो, आणि अख्खी किडनी झिरपलेली असते त्या रूपात तर तो कधी कधी सीटीवर मात करतो, कारण तिथे सीटीत फक्त 'किडनी मोठी' दिसतं आणि पेटमध्ये आग दिसते. किडनीच्या नेहमीच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये पेटची चमक बरेचदा कमीच असते, त्यामुळे जोरदार, एकसारखी चमक असेल तर कल लिम्फोमाकडे झुकतो. कल म्हणतेय, निदान नाही, इन्फेक्शनसुद्धा चमकतं.

आणखी एक बारकावा जो पेशंटला कुणी सांगत नाही. पेट-सीटी या नावात सीटी आहे म्हणून तो आपला नेहमीचा सीटी असेल असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी त्यातला सीटी भाग कमी डोसचा, कॉन्ट्रास्टशिवायचा असतो, फक्त चमक कुठल्या अवयवात आहे हे कळण्यापुरता. रक्तवाहिनी वेढलीय का, आत गुठळी आहे का, हे त्यात कळत नाही. काही सेंटरवर त्याच बैठकीत पूर्ण कॉन्ट्रास्ट सीटी पण करून देतात. तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारायचं, सीटी कॉन्ट्रास्टचा आहे का साधा. कॉन्ट्रास्टचा असेल आणि किडनीचा फेज नीट घेणार असतील तर वेगळ्या सीटीचं रेडिएशन वाचतं, आणि स्टेजिंग होणारच आहे अशा पेशंटसाठी मी हाच पर्याय निवडेन. तयारीही लक्षात असू द्या: ४ ते ६ तास उपाशी, रक्तातली साखर साधारण २०० च्या खाली, इंजेक्शननंतर तासभर गुपचूप पडून राहायचं. डायबेटिस असेल तर इन्शुलिन कधी घ्यायचं हे आधी फोन करून विचारा, ऐनवेळी घेतलं तर सगळी साखर स्नायूंमध्ये जाते आणि स्कॅन वाया.

कॉन्ट्रास्टची भीती आणि रेडिएशन

कॉन्ट्रास्टने किडनी जाते ही भीती पूर्वी होती तेवढी आता राहिलेली नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनी अशा दोन्ही बाजूंच्या संस्थांनी मिळून जे मत मांडलं त्यानुसार काळजीचा गट म्हणजे ज्यांचा ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली आहे किंवा ज्यांची किडनी आत्ता अचानक बिघडलेली आहे. त्यांनाही कॉन्ट्रास्ट सरसकट बंद नाही, गरज असेल तर सलाईन देऊन करतात. लिम्फोमात मात्र हा गट अगदी हाताशी असतो, किडनीत पेशी झिरपल्यामुळे, नोडने मूत्रनलिका दाबल्यामुळे, किंवा केमो सुरू झाल्यावर पेशी भराभर फुटून युरिक अ‍ॅसिड वाढल्यामुळे क्रिएटिनिन चढतं. म्हणून केमोच्या पहिल्या दिवसांत रुटीन कॉन्ट्रास्ट सीटी कुणी लिहिला तर जरा थांबून आजचा क्रिएटिनिन किती हे विचारणं रास्त आहे. कालचा नव्हे, आजचा. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असेल तर तेही सांगा, या गटात ती थोडे दिवस थांबवतात. पेटच्या साखरेने किडनीला काही होत नाही.

रेडिएशनचं म्हणाल तर पोटाचा एका फेजचा सीटी साधारण ८ मिलीसीव्हर्ट, फेज वाढले की त्या पटीत वाढ, आणि पेट-सीटी २० ते २५ च्या घरात. निसर्गातूनच वर्षाला २ ते ३ मिळतं. मोठ्या माणसाला, अंगात लिम्फोमा असताना, या आकड्यांनी स्कॅन टाळणं म्हणजे भलत्याच गोष्टीला घाबरणं. लहान मुलांत मात्र हिशोब वेगळा आणि तिथे फेज कमी करणं, एमआरआयकडे वळणं योग्यच.

आणि बायोप्सी

यावर थोडं कडक लिहिते. वरच्या चारही तपासण्यांपैकी एकही लिम्फोमा सिद्ध करत नाही. किडनीत एकच गाठ, बाकी कुठे काही नाही, आणि सर्जन म्हणतात की किडनी काढून टाकू, तर काढण्याआधी एवढं विचारा की हा लिम्फोमा असू शकतो का आणि सुईने तुकडा घ्यायचा का. किडनीचा नेहमीचा कॅन्सर ऑपरेशनने बरा होऊ शकतो, लिम्फोमाला किडनी काढून फायदा नाही, त्याला औषधं लागतात, आणि ती औषधं सोसायला दोन्ही किडन्या लागतात. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही लिम्फोमासारख्या रक्ताच्या आजाराची, दुसरीकडून आलेल्या कॅन्सरची किंवा इन्फेक्शनची शंका असेल तर बायोप्सीचा विचार करा असंच आहे. सीटीत काय दिसलं तर ही शंका घ्यायची ते वर लिहिलंच आहे.

मानेत, काखेत, जांघेत मोठा नोड असेल तर किडनीला हात न लावता तो नोड काढून तपासणं जास्त चांगलं, पूर्ण नोडची रचना दिसते. नसेल तर किडनीच. प्लेटलेट ५०,००० च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.५ च्या आसपास किंवा खाली हवा, रक्त पातळ करायच्या गोळ्या आधी थांबवाव्या लागतात, त्या मनाने बंद करू नका. सँपलचं एक बघा: सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले की फ्लो सायटोमेट्री (पेशींवरून लिम्फोमाचा प्रकार ओळखायची चाचणी) होत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात, म्हणून एखादा तुकडा सलाईनमध्ये किंवा लॅबने दिलेल्या द्रवात वेगळा जायला हवा. लिम्फोमाची शंका फॉर्मवर नसेल तर हे कुणाच्या लक्षातच येत नाही आणि पेशंटला दुसऱ्यांदा सुई खावी लागते. आणि स्टेरॉइड. लिम्फोमा स्टेरॉइडने झपाट्याने वितळतो, तुकडा घ्यायच्या आधी ते सुरू झालं तर पॅथॉलॉजिस्टला काहीच हाती न लागण्याची शक्यता. कॉन्ट्रास्टच्या अ‍ॅलर्जीसाठी पण आधी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, तर अ‍ॅलर्जी असलेल्या पेशंटने बायोप्सी व्हायच्या आधी हा विषय हेमॅटोलॉजिस्टकडे (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरकडे) काढावा, अशा वेळी एमआरआय किंवा साध्या पेट-सीटीवर भागवता येतं.

मग तुम्ही काय करायचं

लिम्फोमा आधीच सिद्ध झालाय, साखर खाणारा प्रकार आहे, क्रिएटिनिन ठीक आहे: कॉन्ट्रास्टसकट पेट-सीटी, एकाच बैठकीत. निदान अजून नाही, किडनीत गाठी दिसल्यात: साधा फेज आणि दीड मिनिटाचा फेज असलेला सीटी, मग बायोप्सी, पेट नंतर. क्रिएटिनिन चढलंय, किडन्या मोठ्या आहेत: आधी सोनोग्राफी तुंबलंय का बघायला, मग पेट किंवा कॉन्ट्रास्टशिवायचा एमआरआय, आणि बायोप्सी लवकर, कारण इथे कारण लिम्फोमा निघाला तर उपचाराने किडनी सुधारू शकते. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला नव्या किडनीच्या मुखाशी गाठ आली तर लिम्फोमाच्याच कुळातला एक आजार तिथे होतो, तो ट्रान्सप्लांट टीमनेच बघावा, इथलं काही त्याला जसंच्या तसं लावू नका.

उपचार संपल्यावर पेट-सीटी साधारण ६ ते ८ आठवड्यांनी करतात, घाई केली तर केमोची सूजच चमकते. त्यात १ ते ५ असा डोव्हिल स्कोअर देतात, चमकेची तुलना छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतल्या रक्ताशी आणि लिव्हरशी करून, १ ते ३ आला तर चांगलं. किडनीत त्या लघवीच्या चमकेमुळे हा स्कोअर जपून वाचावा लागतो आणि तिथे सुरुवातीचा कॉन्ट्रास्ट सीटी पुन्हा उपयोगी पडतो: आधी जिथे गाठ होती तिथे आता किडनीच्या सालीला फक्त एक खाच किंवा व्रण राहिलाय असं बरेचदा दिसतं, आणि जुना स्कॅन शेजारी नसेल तर नवीन रेडिओलॉजिस्ट त्या खाचेवरून उगाच शंका काढतो. म्हणून फिल्म नको, सीडी मागा, सगळ्या फेजसकट, आणि प्रत्येक पुढच्या स्कॅनला सोबत न्या. आजार पूर्ण गेला असेल, हॉजकिन किंवा डिफ्यूज लार्ज बी-सेल असेल आणि काही त्रास नसेल, तर दर काही महिन्यांनी नुसतं मनाच्या समाधानासाठी स्कॅन करत राहायची गरज नाही, लुगानोमध्येही हे नको असंच सुचवलंय, तपासणी आणि रक्ताचे रिपोर्ट पुरतात, काही नवीन आढळलं तर मग सीटी.